पृथ्वी अवकाशातून किती वेगानं पळतेय ते कडप्पा आणि लेझरवर कसं तपासायचं

समजा तापीला पाणी आहे आणि एक जण प्रवाहाच्या दिशेनं शंभर मीटर पोहत जाऊन परत आला, दुसरा तेवढंच आडवं जाऊन परत आला, तर पहिल्याला जास्त वेळ लागतो. प्रकाशही ईथर नावाच्या कशातून तरी वाहतो आणि पृथ्वी त्यातून पळतेय असं धरून मायकेलसन आणि मॉर्ले यांनी १८८७ साली हाच फरक सापडतो का ते बघितलं, त्यासाठी दगडाची लादी पाऱ्यावर तरंगवली. पारा आपण वापरायचा नाही, विषारी असतो. आपल्याकडे वावरातला हौद आहे ना.

दीड बाय दीड फुटाचा कडप्पा घ्या, ओटे बसवणाऱ्याकडे तुकडे पडलेलेच असतात. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको, १५ सेंटीमीटरचा एकच हात, म्हणजे किरणाच्या वाटेची एक बाजू, एक डिग्रीनं तापला तरी शेवटी कार्डावर दिसणारे काळे-लाल पट्टे दहा-एक सरकतात, आणि आपल्या जळगावची हवा तर माहितीच आहे. त्यावर ५ मिलिवॅटच्या आतला, सेलवर चालणारा लाल लेझर, डोळा त्याच्या लाईनीत आणायचा नाही. मधे बीम स्प्लिटर क्यूब, म्हणजे किरण दोन दिशांना फोडणारा काचेचा ठोकळा, ऑनलाइन मिळतो. मी कंजूसपणा करून साधी काच लावली आणि आठवडाभर भिंतीवर चार-चार ठिपके मोजत बसलो. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, पुढच्या काचेवरूनही जास्तीचा ठिपका पडतो म्हणून तोही नको, जुन्या हार्ड डिस्कमधली चकती काढा, झकास चालते. दोन चकत्या एकमेकींना काटकोनात, दोन दिशांना, क्यूबपासून १५-१५ सेंटीमीटरवर, अंतर जवळपास सारखं ठेवा, मागे तीन स्क्रू आणि रबर.

आता खरं काम. पांढरं कार्ड कडप्प्यावरच उभं करा, दोन ठिपके दिसतील, स्क्रू केसभर केसभर फिरवत ते एकावर एक आणा, बसले की ठिपका थरथरायला लागतो, मग पुढे छोटं भिंग लावलं की काळे-लाल पट्टे. इथे नुसतं खोकलात तरी पट्टे हलतात. म्हणून मोबाइल कडप्प्यावरच बसवून व्हिडिओ चालू करा आणि लांब व्हा, मग सगळं ट्रॅक्टरच्या ट्यूबवर ठेवून हौदात सोडा आणि दोरीनं पाच मिनिटात एक गिरकी, इतकं हळू.

व्हिडिओ बघताना घाई नको. पट्टे सरकणारच! एकाच बाजूला सरकत राहिले तर ते तापमान, एका गिरकीत एकदा पुढे-मागे झाले तर हौदातला कल नाहीतर वारा. वेगाची खूण असेल तर ती एका गिरकीत दोनदा यायला पाहिजे.

हिशोब असा, हाताची लांबी दुपटीनं घेऊन लाल प्रकाशाच्या ६५० नॅनोमीटरनं भागायची आणि वेग भागिले प्रकाशाचा वेग याच्या वर्गानं गुणायचं. सूर्याभोवतीचा सेकंदाला ३० किलोमीटर टाकला तर पट्टा ०.००५ इतकाच सरकेल, दिसणार नाही. मायकेलसन-मॉर्ले यांनी आरशात किरण उलटसुलट फिरवून ११ मीटरचा रस्ता केला होता, ०.४ ची अपेक्षा होती, त्याच्या आसपासही काही मिळालं नाही. पण आकाशातून सगळीकडून येणारे जे मायक्रोवेव्ह आहेत ते एका बाजूला किंचित, डिग्रीच्या तीन हजारांशानं गरम दिसतात, त्यावरून सूर्यमाला त्यांच्या तुलनेत सेकंदाला ३७० किलोमीटरनं चाललीय, सिंह राशीच्या बाजूला. ईथर त्या मायक्रोवेव्हच्या तुलनेत स्थिर आहे असं धरून हा आकडा टाकला तर आपल्या कडप्प्यावर ०.७ पट्टा येतो, आणि एवढा नुसत्या डोळ्यानं दिसतो भो!

म्हणून मार्चच्या सुरुवातीला सात-साडेसातला, सिंह पूर्वेला उगवत असताना, गिरकी सुरू करा. माझ्या व्हिडिओत पट्टे तासभर एकाच बाजूला सरकत गेले, गिरकीत दोनदा मागे-पुढे असं काही नाही. तुमच्याकडे गिरकीत दोनदा मागे-पुढे दिसलं तर नाचू नका, एकच्या सुमारास परत करा, तेव्हा ती दिशा डोक्यावर चढलेली असते आणि खूण ०.१५ च्या आसपास उतरायला हवी, तेवढीच राहिली तर गडबड हौदात आहे. फक्त दीडच्या आत उरका, दोनला लाईट येते आणि शेजारच्या वावरातली मोटर सुरू झाली की कार्डावर नुसता लाल डाग उरतो.