फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

चार्जिंग होत नाही म्हणून फोन निकामी ठरवण्याआधी तो बंद करून चार्जिंगच्या खाचेत टॉर्चच्या उजेडात पाहावे. कापूस वेचणीच्या दिवसांत तिथे तंतू आणि धूळ घट्ट बसते, आणि ती लाकडी काडीने हलक्या हाताने काढल्यास अनेकदा तेवढ्यावरच काम भागते. बॅटरी किंवा चार्जिंग जॅक बदलणे सहसा परवडते, मात्र फुगलेली बॅटरी दाबून परत बसवू देऊ नये. डिस्प्लेचा खर्च तशाच जुन्या फोनच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल, किंवा पाणी मदरबोर्डपर्यंत पोचले असेल, तर यवतमाळ-वर्ध्याच्या दुकानांत खेटे घालण्यापेक्षा नवा फोन घेतलेला बरा. कंपनीने सुरक्षा अपडेट बंद केलेल्या फोनवर यूपीआय चालवायचे असेल, तर मोठ्या दुरुस्तीवर पैसे घालूच नयेत.