मार्केट हलायला लागलं की कॅनडातले एनर्जी आणि डिव्हिडंड शेअर्स सांभाळताना या चुका टाळा

एप्रिल २०२५ आठवतोय ना, ट्रम्पच्या टॅरिफची घोषणा आणि ओपेक प्लस या तेल उत्पादक देशांच्या गटाचा उत्पादन वाढवायचा निर्णय एकाच आठवड्यात आले, क्रूड साठ डॉलरच्या आसपास घसरलं आणि इथे कॅलगरीत आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर दिवसरात्र एकच प्रश्न, विकू का ठेवू. मी २०१५ ची आणि २०२० ची पडझड हेच शेअर्स हातात धरून काढलीये, आणि मला दोन्ही वेळेला एकच दिसलं, की तेल पडलं म्हणून बुडालेले लोक कमी, पण आपल्याला मिळणारा डिव्हिडंड, म्हणजे कंपनी दर शेअरमागे वाटते तो पैसा, नक्की कुठून येतो हे न बघता बसलेले आणि मग घाबरून भलतंच काहीतरी करून बसलेले जास्त.

सगळ्यात मोठी चूक यील्डची, म्हणजे शेअरच्या भावावर डिव्हिडंड किती टक्के पडतो त्याची. शेअर ५० डॉलरचा आणि वर्षाचा डिव्हिडंड ३ डॉलर, म्हणजे ६ टक्के. तोच शेअर ३० वर आला की ॲपमध्ये १० टक्के दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं अरे वा, पण कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नसतो, फक्त मार्केटला आता त्या डिव्हिडंडवर भरवसा राहिलेला नसतो. बीसीईचं बघा. एनर्जी नाही, टेलिफोन कंपनी, घराघरात विश्वासाने धरलेला शेअर. यील्ड १२ टक्क्यांच्या वर गेलं तेव्हा कितीतरी लोकांनी आणखी घेतला आणि मे २०२५ मध्ये कंपनीने वर्षाचा डिव्हिडंड ३.९९ वरून १.७५ वर आणला. अल्गॉनक्विन या वीज-पाण्याच्या कंपनीनेही डिव्हिडंड आधी जानेवारी २०२३ मध्ये कापला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा कापला. त्यामुळे यील्ड दोन आकडी झालं की खरेदीचं बटण दाबायच्या आधी मागच्या चार तिमाहींचा कॅश फ्लो, म्हणजे कंपनीच्या हातात खरोखर किती रोकड आली, तो उघडून बघायचा. कंटाळा आला तरी बघायचा.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या एनर्जी कंपन्यांना एकाच टोपलीत टाकणं. मी नवीन लोकांना नेहमी लासलगाव सांगतो. कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याचं मरण होतं, पण ट्रकवाल्याचं भाडं आधीच ठरलेलं असतं. एनब्रिज, टीसी एनर्जी, पेम्बिना या पाइपलाइन कंपन्या म्हणजे ट्रकवाली मंडळी, बरीचशी कमाई वर्षानुवर्षांच्या करारांवर येते. कॅनेडियन नॅचरल, सेनोव्हस, व्हाइटकॅप या तेल काढणाऱ्या कंपन्या म्हणजे शेतकरी, भाव पडला की थेट त्यांच्या खिशाला लागतं. आणि लासलगावचा भाव वाशीच्या भावापेक्षा वेगळा असतो तसंच इथे आहे, बातम्यांमध्ये दाखवतात तो डब्ल्यूटीआय, म्हणजे अमेरिकन तेलाचा भाव, आणि अल्बर्टाचं, म्हणजे आमच्या कॅलगरीच्या प्रांताचं, जड तेल विकलं जातं डब्ल्यूसीएसच्या भावाने, तो कमीच असतो. २०१८ च्या शेवटी हा फरक ४० डॉलरच्या पलीकडे गेला होता कारण तेल बाहेर न्यायला पुरेशी पाइपलाइनच नव्हती, शेवटी अल्बर्टा सरकारला जानेवारी २०१९ पासून रोजचं ३ लाख २५ हजार बॅरल उत्पादन कमी करायला लावावं लागलं. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन या पाइपलाइनची वाढवलेली लाइन सुरू झाली, क्षमता रोजच्या ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार बॅरल झाली, त्यानंतर तो फरक बराच शांत झाला. म्हणजे उत्पादक कंपनी धरली असेल तर नुसता डब्ल्यूटीआय बघून विकणं किंवा घेणं अर्धवट आहे, डब्ल्यूसीएसचा फरक बघा आणि कॅनेडियन डॉलर पण बघा, कारण तेल विकलं जातं अमेरिकन डॉलरमध्ये आणि आपला डॉलर पडला की या कंपन्यांना थोडा आधार मिळतो.

पण ट्रकवाला म्हणजे अगदी सुरक्षित असंही धरून चालू नका. पाइपलाइनवाल्यांवर कर्ज मोठं असतं, त्यांना तेलाच्या भावापेक्षा वाढत्या व्याजदराची झळ जास्त बसते. बँक ऑफ कॅनडाने मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये दर पाव टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेला, तेव्हा तेल ठीकठाक होतं तरी पाइपलाइनचे शेअर्स खाली आले आणि लोक तेलाच्या बातम्यांत कारण शोधत बसले. पाइपलाइनचा पे-आउट, म्हणजे कमाईतला किती हिस्सा डिव्हिडंडला जातो तो, निव्वळ नफ्यावर मोजला तर १०० टक्क्यांच्या वर दिसतो आणि माणूस घाबरतो, पण त्या नफ्यातून घसारा, म्हणजे कागदोपत्री झीज, प्रचंड वजा झालेला असतो. एनब्रिज स्वतः डिव्हिडंड मोजतं ते वाटण्याजोग्या कॅश फ्लोवर, त्याच्या ६० ते ७० टक्के देणं हे त्यांचं टार्गेट. तोच आकडा तपासा.

२०२० ने अजून एक शिकवलं. २० एप्रिलला मे महिन्याच्या डब्ल्यूटीआय करारांचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या काळात व्हर्मिलियन या तेल कंपनीने महिन्याचा डिव्हिडंड आधी कमी केला आणि मग बंदच केला. सनकोर तर रिफायनरी, पेट्रोल पंप सगळं असलेली कंपनी, लोक म्हणायचे ही कापणारच नाही, तिने ५५ टक्के कापला. कॅनेडियन नॅचरलने एक सेंटही कापला नाही. म्हणून ‘मोठी कंपनी आहे’ हा निकष नाही, तेल किती डॉलरपर्यंत पडलं तरी खर्च आणि डिव्हिडंड दोन्ही निघतात हा निकष, आणि तो आकडा कंपन्या आपल्या प्रेझेंटेशनमध्ये देतात. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सनकोरने डिव्हिडंड परत दुप्पट केला, तोवर बरेच जण तळाला विकून मोकळे झाले होते. कट झाला म्हणून त्याच दिवशी विकायचं हा पण नियम नव्हे, कंपनी जगण्यासाठी कापतेय का मरता मरता कापतेय हे बघावं लागतं.

आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते. कॅलगरीत आपली कितीतरी माणसं तेल कंपन्यांत नोकरीला आहेत. पगार तेलातून, कंपनीच्या शेअर स्कीममध्ये दर महिन्याला पैसे जातात आणि कंपनीही वर भर घालते म्हणून ते कोणी विकत नाही, टीएफएसए, म्हणजे कमाईवर टॅक्स न लागणारं बचत खातं, त्यात एनर्जी शेअर्स कारण ‘आपल्याला यातलं कळतं’, वर टीएसएक्सचा, म्हणजे टोरंटो शेअर बाजाराचा, इंडेक्स फंड, ज्यात पुन्हा एनर्जीचा वाटा मोठाच, आणि घर कॅलगरीत, ज्याची किंमतसुद्धा तेलाबरोबर हलते. माझा एक जवळचा मित्र, मूळचा सांगलीचा, २०२० च्या उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली आणि त्याच तिमाहीत त्याच्या शेअर्सचा डिव्हिडंड निम्म्यावर आला, घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. त्याच्याकडे नऊ वेगवेगळे शेअर्स होते, तो त्याला डायव्हर्सिफाय म्हणायचा. शेवटी घराच्या हप्त्यासाठी त्याने ते सगळे अगदी तळाला विकले. तेलाच्या नोकरीत असाल तर कंपनीचे शेअर्स लॉक-इन संपला की थोडे थोडे काढत राहा आणि बाहेरच्या देशाचा, बाहेरच्या धंद्याचा फंड घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

डिव्हिडंड अचानक कमी आला तर लगेच ‘कट झाला’ म्हणू नका, आधी हे तपासा. टीसी एनर्जीने १ ऑक्टोबर २०२४ ला तेलाच्या पाइपलाइन वेगळ्या काढून साउथ बो कंपनी केली, दर पाच शेअरमागे साउथ बोचा एक शेअर दिला आणि डिव्हिडंडही दोन्हीकडे विभागला गेला, तेव्हा माझ्या ओळखीच्या तिघांनी कट समजून टीसी विकला आणि खात्यात आलेला साउथ बो बघितलासुद्धा नाही. कधी मागच्या वर्षी स्पेशल, म्हणजे नेहमीच्या वर जादा, डिव्हिडंड आला होता तो या वर्षी नसतो, टूरमलिन या गॅस कंपनीत हे नेहमी होतं. कधी आपणच एक्स-डेटच्या दिवशी घेतलेला असतो, त्या दिवशी घेतला की त्या खेपेचा डिव्हिडंड मिळत नाही.

टॅक्सच्या चुका पटकन सांगतो पण हलक्यात घेऊ नका. तोट्यात शेअर विकला आणि ३० दिवसांच्या आत तोच शेअर टीएफएसएमध्ये घेतला तर तो तोटा कायमचा गेला, दाखवता येत नाही, आणि बायकोने तिच्या खात्यात घेतला तरी तुम्हाला तोटा लगेच धरता येत नाही. ड्रिप, म्हणजे डिव्हिडंडच्या पैशातून आपोआप तोच शेअर घेणं, चालू असेल तर दर खेपेला खरेदी किंमत बदलते, ते लिहून ठेवलं नाही तर विकताना त्याच पैशावर दोनदा टॅक्स भराल. साध्या, टॅक्स लागणाऱ्या खात्यात १००० डॉलर एलिजिबल डिव्हिडंड (मोठ्या कॅनेडियन कंपन्यांचा बहुतेक याच प्रकारचा) आला की उत्पन्नात तो १३८० धरतात, टॅक्स क्रेडिट नंतर मिळतं पण मुलांसाठी मिळणारा सरकारी चाइल्ड बेनिफिट त्या फुगलेल्या आकड्यावर मोजला जातो. आणि नवीन आलेल्यांनो, टीएफएसएची २०२५ पर्यंतची १ लाख २ हजारांची मर्यादा सगळ्यांना नसते, तुम्ही २०२१ ला आलात तर २०२५ पर्यंत तुमची ३२,५०० च होते, जास्त भरलं की दर महिन्याला १ टक्का दंड. पडलेलं मार्केट बघून घाईने पैसे भरताना ही चूक हमखास होते.

तो सांगलीचा मित्र आता परत नोकरीला लागलाय, तेलातच. एप्रिल २०२५ मध्ये सगळं पडलं तेव्हा मी काळजीने फोन केला तर म्हणाला, वर्षभराचे घराचे हप्ते जीआयसीमध्ये, म्हणजे मुदत ठेवीत, आहेत, एनर्जी पाचवा हिस्सा ठेवलाय, काही विकलं नाही, जेवायला ये.