साक्षिभावाने पाहण्याचा सराव कसा करावा

अद्वैत वेदान्तात विवेकाने पाहणे म्हणजे समोर जे आहे आणि त्यावर आपल्या मनाने जे चढवले आहे, ते दोन्ही निरनिराळे ओळखणे होय. संसारात राहून कोणाही गृहस्थाला हा सराव करता येतो. त्याची रीत पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतला भेद सांगणाऱ्या ‘दृग्दृश्यविवेक’ या वेदान्ताची ओळख करून देणाऱ्या लहानशा ग्रंथाच्या पहिल्याच श्लोकात आली आहे. परंपरा हा ग्रंथ शंकराचार्यांचा मानते, तर काही जण तो भारतीतीर्थांचा सांगतात. सरावाला त्याने फरक पडत नाही.

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की थोडा वेळ पडवीत बसावे आणि डोळे उघडे ठेवून अंगणातल्या एखाद्या माडाकडे पाहावे. माड हे दृश्य आणि डोळा हा पाहणारा, येथून सुरुवात होते. अंधार दाटू लागतो तशा झावळ्या एकमेकींत मिसळतात, आणि आपल्याला आता नीट दिसत नाही हेही आपल्याला कळते. म्हणजे डोळ्याचे कमी-जास्त दिसणे मनाने पाहिले, आणि डोळाही दृश्यांतच जमा झाला. मग मनाकडे वळावे. भावकीतल्या कोणाचे सकाळचे बोलणे आठवते, राग उसळतो, आणि काही वेळाने तो ओसरून उद्याच्या कामांचा विचार सुरू होतो. राग आला आणि गेला हे ज्याला कळले, तो रागाबरोबर आलाही नाही आणि गेलाही नाही. त्यालाच साक्षी म्हणतात.

येथे बहुतेकांची गल्लत होते, कारण साक्षी कसा दिसतो हे पाहण्याचा मोह आवरत नाही. तो पाहणाराच आहे, पाहिला जात नाही, असे तोच श्लोक स्पष्ट सांगतो. प्रकाश दिसला किंवा नाद ऐकू आला, तरी तेही दृश्यच समजून सोडून द्यावे. मन फारच सैरभैर असेल, तर पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनी सांगितलेल्या सोऽहं (‘तो मीच आहे’) साधनेप्रमाणे आधी श्वासावर लक्ष स्थिर करावे.

दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणारे गौडपादाचार्य यांनी माण्डूक्योपनिषदावरील आपल्या माण्डूक्यकारिकेच्या दुसऱ्या प्रकरणात दिला आहे. त्यांच्या परंपरेचा मठ गोव्यात फोंड्याजवळ कवळे येथे आहे. कोकणात हा दृष्टान्त फार जपून वापरावा लागतो, कारण इथे खरेच फुरसे हा विषारी साप निघतो. म्हणून पडवीच्या कोपऱ्यात वेटोळे दिसले तर दोरीच असेल असे मानून हात घालू नये. बॅटरी आणून लांबूनच नीट पाहावे. सुंभाचा पीळ आणि सुटलेला काथ्या दिसला की साप मारावा लागत नाही, हाकलावाही लागत नाही, कारण तो तिथे नव्हताच.

माणसांच्या बाबतीतही असेच करावे. समोरचा जे बोलला ते जसेच्या तसे कागदावर लिहावे, आणि त्याखाली आपण काय जोडले ते लिहावे: त्याने मला कमी लेखले, त्याला माझा हिस्सा गिळायचा आहे. खालच्या ओळींत काही खरेही असू शकते. तशी शंका असेल तर सातबारा काढून पाहावा आणि तलाठ्याकडे चौकशी करावी. जग मिथ्या आहे असे म्हणून बांधाचा प्रश्न टाळणे हा माझ्या मते निव्वळ आळस आहे, कारण शंकराचार्यांनी व्यवहाराच्या पातळीवर व्यवहाराचे नियम कायम ठेवले आहेत.

सराव मुरतो आहे की नाही हे बैठकीतल्या अनुभवांवरून ठरवू नये. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने हीन लेखलेला माणूस या सर्वांकडे समदृष्टीने पाहणाऱ्याला पंडित म्हटले आहे. आंब्याच्या हंगामात बागेत राबणाऱ्या गड्याशी आणि आंबे घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याशी आपण कोणत्या स्वरात बोलतो, एवढे तपासले तरी पुरते. तिथे काहीच बदललेले नसेल, तर बसण्याचा वेळ वाढवण्याऐवजी कागदावर लिहिण्याचे काम पुन्हा प्रामाणिकपणे करावे.