धाप सांभाळत जगताना: गंभीर सीओपीडीच्या रुग्णाचा दिवस कसा लावावा

माझ्या आईने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही. तीस वर्षं तिने चूल फुंकली. पावसाळ्यात जळण ओलं असायचं, तेव्हा धुराने भरलेल्या घरात बसून भाकऱ्या थापल्या. आज तिला गंभीर सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आणि फुप्फुसं कायमची खराब होऊन धाप लागण्याचा आजार. गावाकडे याला सरसकट दमाच म्हणतात. पण दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याचदा पूर्ववत होतात, सीओपीडीत झालेलं नुकसान भरून येत नाही. तरीही दिवस पुष्कळ सोपा करता येतो. औषध कोणतं आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी सांगतेय ते दवाखान्याच्या दोन भेटींमधल्या दिवसांबद्दल.

१. आधी श्वास सोडायला शिका

धाप लागली की माणूस तोंड उघडून हवा आत ओढायला लागतो. अडचण मात्र उलटी असते. या आजारात श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा छातीतच अडकते. भरल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? आधी हंडा रिता करायला हवा.

तोंड मिटून, मनात दोन अंक मोजत, नाकाने श्वास घ्या. ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सावकाश सोडा. जोर लावू नका. फिजिओथेरपिस्टने दाखवलं तेव्हा आईला हे काही केल्या जमेना. मग मी म्हटलं, "आई, फुंकणीतून फुंकतेस तसं कर. पण निखारा फुलवायचा नाही, नुसती राख हलली पाहिजे." लगेच जमलं.

सराव बरं वाटत असतानाच करायचा, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. ऐन धापेत नवीन काही शिकता येत नाही. अंगवळणी पडलं की पुढचा नियम: जोराचं काम श्वास सोडताना करायचं. खुर्चीतून उठताना फुंकर, बादली सरकवताना फुंकर. जिन्यात पायरीवर थांबून श्वास घ्यायचा आणि सोडत सोडत पुढच्या एक-दोन पायऱ्या चढायच्या.

तरी धाप लागलीच तर बसा, पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेका, खांदे सैल सोडा. उभे असाल तर ओट्यावर हात टेका. चेहऱ्यावर वारा घ्या. हातपंख्याचा वारा नाका-गालांवर लागला की घुसमट कमी जाणवते. आईच्या उशाशी पंखा कायम असतो, वीज असो वा नसो.

२. आंघोळ

दिवसातलं सगळ्यात दमवणारं काम हेच, आणि लाजेपोटी कुणी त्याबद्दल बोलत नाही. आमची आई दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची. आम्हाला वाटायचं कंटाळा. खरं कारण भीती होतं: आत धाप लागली तर हाक मारायलाही श्वास उरणार नाही.

धाप कमी करण्यासाठी डॉक्टरांनी लगेच काम करणारा पंप (इनहेलर) दिला असेल, तर तो आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घेतलेला चालेल का हे विचारून घ्या. न्हाणीघरात बसायला भक्कम स्टूल ठेवा आणि बादलीसाठी दुसरं, म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागत नाही. वाकलं की पोट छातीवर दाबतं आणि श्वास अडतो. पाणी कोमट ठेवा, खिडकी उघडी ठेवा, वाफ कोंडू देऊ नका. कडी लावू नका. पाठीला लांब दांड्याचा ब्रश. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर आंघोळीत नळी काढायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. मशीन मात्र बाहेर, कोरड्या जागी.

अंग पुसण्यातच निम्मी ताकद जाते. टॉवेलच्या कापडाचा सैल गाऊन चढवून पाच मिनिटं बसून राहिलं की अंग आपोआप कोरडं होतं. आईने साडी सोडून पुढून बटणांचा गाऊन घालायला सहा महिने घेतले. आम्ही घाई केली नाही. केस विंचरताना कोपरं टेबलावर टेकवा, कारण हात खांद्याच्या वर गेले की धाप वाढते. म्हणूनच रोजच्या वस्तूही कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर लावा. शौचाला उकिडवं बसणं जड जातं, कमोड खुर्ची आणा. कुंथावं लागू नये म्हणून बद्धकोष्ठाकडेही लक्ष द्या.

३. पंप नीट घ्या

सुमारे दोन वर्षं आई औषध घेत होती आणि ते पोचतच नव्हतं. नवीन डॉक्टरांनी "घेऊन दाखवा" म्हटलं तेव्हा कळलं. दाबायचा पंप असेल तर तो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावूनच घ्यावा असं मला वाटतं. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून एकदाच दाबा, सावकाश खोल श्वास घ्या, दहापर्यंत मोजेस्तोवर रोखा. दुसरा झोत अर्ध्या-एक मिनिटाने. कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र असेल तर उलट: जोरात आणि खोल ओढायचं. आई नेमकी इथेच हळू ओढत होती. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळू द्या. दर भेटीला पंप सोबत नेऊन घेऊन दाखवा.

४. धूर आणि जेवण

मिरचीची फोडणी रुग्ण दुसऱ्या खोलीत असतानाच. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल घरातून पूर्ण बंद. देवासमोर फुलं ठेवली तरी पूजा होते, हे आईनेच आम्हाला सांगितलं. दिवाळीत संध्याकाळी दारं-खिडक्या लावून घ्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सुटल्याशिवाय बाकी सगळं अपुरं आहे.

पोट गच्च भरलं की श्वासाला जागा उरत नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ भात-वरण, अंडं, मासे, दही. प्रथिनं हवीतच, कारण या आजारात वजन आणि स्नायू झडतात. जेवताना बोलायला लावू नका.

५. ऑक्सिजन

करोनापासून घरोघरी रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर आले आणि ९५ च्या खाली आकडा दिसला की सगळे घाबरतात. गंभीर सीओपीडीत अनेक रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. आकडा वाढवायला ऑक्सिजनच्या मशीनचं बटण स्वतः फिरवू नका. जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस पेंगुळतो आणि बेशुद्धही पडू शकतो. दीर्घकाळचा ऑक्सिजन सांगितला असेल तर तो साधारणपणे दिवसाला किमान १५ तास हवा, झोपेचे तास धरून. "धाप लागली की लावू" असं चालत नाही.

समई, गॅस, काडेपेटी मशीन आणि नळीपासून किमान दहा फूट लांब. नाक कोरडं पडलं तरी तेल, व्हॅसलिन, बाम लावू नका, पाण्यावर आधारलेलं जेल चालतं. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट खातं. घरचा इन्व्हर्टर ते किती वेळ ओढेल हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. लहान सिलिंडर भरलेला ठेवा, आणि तो जोडायला घरातल्या दोघांना तरी आलं पाहिजे.

६. चालणं थांबवू नका

धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, पाय कमजोर होतात, मग चार पावलांतही धाप लागते. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाचं शिक्षण, जवळ असेल तर नक्की जा. नसेल तर डॉक्टरांना विचारून घरातल्या घरात, थांबत थांबत चाला. आई पॅसेजमध्ये तीन फेऱ्यांनी सुरू झाली, आज अकरा घालते. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस डॉक्टरांच्या सल्ल्याने.

७. कपाटावरचा कागद

आमच्या कपाटावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन भाग. पहिला, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन: कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा धाप जास्त, ताप, पायांना सूज, सकाळी डोकं जड. दुसरा, लगेच १०८: ओठ निळसर, एक वाक्यही पूर्ण बोलता येत नाही, गुंगी, बरळणं, छातीत दुखणं.

कागदाखाली पिशवी टांगलेली असते. तिच्यात पंप, स्पेसर, जुने रिपोर्ट, औषधांची यादी आणि वरच्या कप्प्यात डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी: "सीओपीडी रुग्ण, ऑक्सिजन ८८ ते ९२ दरम्यान ठेवावा." रुग्णवाहिका आली की ती चिठ्ठी सगळ्यात आधी त्यांच्या हातात द्यायची.