व्हीपीएन विकण्याआधी नोंदींचं बघा

भारतात व्हीपीएन सेवा (ग्राहकाचा इंटरनेट वापर सुरक्षितपणे दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी) विकणार असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आधी वाचा. ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), सेवा घेण्याचं कारण हे सगळं सेवा बंद झाल्यावरही ५ वर्षं जपावं लागतं. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला ही अट नाही.

लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवसांचे हवेत. सर्व्हरवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर जुने लॉग पुसणारा लॉगरोटेट हा प्रोग्राम मुळात चारच आठवड्यांचे लॉग ठेवतो, तेव्हा त्याच्या सेटिंगमधली ‘रोटेट’ची ओळ आजच बदला.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य जाहिरातीतून काढा. ग्राहकाला फसवू नका! एक्सप्रेसव्हीपीएन या कंपनीने याच अटींमुळे भारतातले सर्व्हर काढून टाकले. मागितलंय तेवढंच साठवा, तेही एन्क्रिप्ट करून. जास्तीचं एक अक्षरही नको.