कांदळवनात गरवायला रॉड किती फुटांचा घ्यावा?

सुकती (ओहोटी) लागली की खाडीच्या बारीक ओहोळांतून पाणी खाली पळू लागतं. त्याबरोबर कोळंबी आणि बोय माशांची पिल्लं मोठ्या पाण्याकडे ओढली जातात. त्यांच्या वाटेवर, चिपी या कांदळाच्या झाडाच्या मुळांच्या आडोशाला, जिताडा प्रवाहाकडे तोंड करून दबा धरून असतो. हात-दोन हात बाहेर येतो, आमिष उचलतो आणि आल्या वाटेने परत वळतो. तो मुळांत शिरला की दोरी कापलीच म्हणून समजा. खेळ असतो तो पहिल्या दोन-तीन सेकंदांचा, आणि त्या वेळी रॉड हलवायला तुमच्याभोवती किती जागा आहे यावरच बरंचसं ठरतं.

जिताडा म्हणजे समुद्री बास. काही गावांत त्याला खजुरा म्हणतात, गोव्याकडे चोणक. त्याच मुळांत तांबोशीही राहते, आणि ती आकाराने लहान असली तरी घरात शिरायची घाई तिला जिताड्यापेक्षा जास्त. या दोघांसाठी रॉड घ्यायला दुकानात गेलं की हमखास ऐकू येतं, ‘दाट जागेत गरवायचंय ना, मग साडेसात फुटी घ्या.’ हा सल्ला अमेरिकेतल्या बाससाठी अगदी बरोबर आहे. तिकडचा बास हा वेगळा मासा, तो तळ्यात आणि धरणात राहतो, आणि त्याचा आडोसा बहुतेक वेळा पाण्यात किंवा पाण्यावर पसरलेला असतो: गवत, पाणवनस्पती, बुडालेली झाडं. 1975 साली आर्कान्सा राज्यातल्या बुल शोल्स तलावावरची स्पर्धा कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी जिंकली, ती ‘फ्लिपिंग’ने, म्हणजे आमिष लांब न भिरकावता झाडोऱ्यात अलगद सोडण्याच्या पद्धतीने. पुढे साडेसात फुटी रॉड हे त्या पद्धतीचं ठरलेलं हत्यार झालं.

तलावात डोक्यावर मोकळं आभाळ असतं. आपल्या ओहोळात डोक्यावर फांद्या असतात. म्हणून ‘दाट’ या एका शब्दावर लांबी ठरवू नका. दोन प्रश्न विचारा: अडचण डोक्यावर आहे की पायाशी? आणि मी उभा कुठे आहे, होडीत की काठावर?

आधी काठी घेऊन जागा मोजा

रॉड विकत घेण्याआधी आठ फुटांची एक सरळ चिवारी (बारीक बांबूची काठी) तोडून आणा. बुडापासून सहा, साडेसहा, सात आणि साडेसात फुटांवर रंगीत दोऱ्याच्या गाठी मारा. ही काठी घेऊन तुमच्या नेहमीच्या जागी जा आणि नेहमी उभे राहता तिथेच उभे राहा. आता काठी तीन प्रकारे फिरवा: डोक्यावरून मागे-पुढे, कमरेच्या उंचीवर आडवी, आणि खालून वर. शेवटी मासा लागल्यावर ओढतो तशी एकदा झटक्यात वर ओढा. कुठली गाठ फांदीला लागते ते बघा. त्या गाठीपेक्षा अर्धा फूट कमी ही त्या जागेची कमाल लांबी. लोक फेकण्यापुरतं मोजतात आणि ओढण्याचं मोजमाप विसरतात, म्हणून चौथी हालचाल मुद्दाम करा.

हे मोजमाप ज्या पाण्याला गरवता त्याच पाण्याला घ्यायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे पाणी सहज सहा-सात फूट चढतं. तितकीच तुमची होडीही चढते आणि सुकतीला डोक्याच्या कितीतरी वर असलेली फांदी कपाळाशी येते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, हा फरक बराच कमी असतो. मी स्वतः पाण्याच्या पहिल्या दीड-दोन तासांच्या सुकतीत गरवतो, म्हणून मोजतोही तेव्हाच.

फांदी आड येते म्हणून कोयता चालवू नका. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 सालीच मनाई केली आहे, आणि पांढरी चिपी तर 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब साधा आहे: त्या फांदीची सावली आणि खालची मुळं आहेत म्हणून मासा तिथे आहे.

होडीतून, डोक्यावर फांद्या: साडेपाच ते साडेसहा फूट

जयगडच्या खाडीला मिळणाऱ्या एका अरुंद ओहोळात मी पहिल्या वर्षी साडेसात फुटी रॉड घेऊन गेलो होतो. आमिष चांगलं पडलं, मासा लागला, मी रॉड वर ओढला आणि रॉडचं टोक चिपीच्या फांदीत गेलं. ‘टक्’ असा आवाज झाला. रॉड अर्ध्यावर अडला, दोरी क्षणभर सैल पडली, आणि पुढच्या क्षणी ती मुळांवर घासताना बोटांना कळली, करवत फिरावी तशी. रॉड चांगला होता, दोरी चांगली होती. लांबी चुकीची होती.

अशा जागी आमिष पंधरा-वीस फुटांवर, पण ताटलीएवढ्या मोकळ्या जागेत पडायला हवं. मनगटाच्या एका हालचालीने, खालून किंवा आडवं फेकून, ते फांदीखाली सरकवायचं असतं. आखूड रॉडचं टोक हाताच्या जवळ असल्यामुळे नेम चांगला बसतो.

दुसरं कारण ताकदीचं. रॉड म्हणजे तरफ, आणि ही तरफ माशाच्या बाजूची आहे. धरा की पुढचा हात आणि रॉडचं बुड यांत एक फूट अंतर आहे. सात फुटी रॉडचं टोक मग पुढच्या हातापासून सहा फुटांवर येतं, आणि टोकाला एक किलोची ओढ बसली तर बुडाशी तुम्हाला सुमारे सहा किलोंचा जोर लावावा लागतो. सहा फुटी रॉडला हाच जोर पाच किलोंवर येतो. रॉड वाकला की टोक जवळ येतं आणि भार थोडा कमी होतो, पण लांब रॉडने मासा तुमच्यावर जास्त भारी पडतो हे खरंच. मुळांपासून दोन हातांवर लागलेला मासा जागीच रोखायचा असेल, तर आखूड आणि दणकट रॉडसारखं दुसरं काही नाही.

मी साडेपाच फुटांच्या खाली जात नाही. तेवढ्या रॉडने होडीखाली शिरलेल्या माशाची दोरी नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) वळसा घालून पलीकडे नेता येत नाही. होडी मोठी असेल तर साडेसहाच घ्या.

काठावरून, पायाशी मुळं: सात ते आठ फूट

बांधावर, जेटीवर किंवा कातळावर उभं राहिलं की सगळं उलटं होतं. मागे मोकळं असतं, आणि समोर पाण्याआधी दहा-बारा फूट चिखल, त्यात तिवराची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी उभी. मासा त्यावरून ओढून आणायचा असतो. इथे आखूड रॉडने दोरी मुळांना घासतच येते. लांब रॉडचं टोक उंच धरलं की दोरी अडथळ्याच्या वरून राहते. इथे तो एखादा फूट जास्त खरंच कामाला येतो.

अंतरही जास्त असतं. साठ-सत्तर फुटांवरच्या आमिषापर्यंत पाण्याच्या ओढीने दोरीला पोट येतं, आणि नायलॉनचं तंगूस असेल तर ते ताणलंही जातं. मासा लागल्यावर ही सगळी ढील एका झटक्यात भरून काढावी लागते. रॉड काटकोनात फिरवला तर सहा फुटी रॉडचं टोक साधारण साडेनऊ फूट प्रवास करतं, साडेसात फुटीचं पावणेबारा. ओहोळात वीस फुटांवर ढील मुळातच थोडी असते, म्हणून तिथे या जास्तीच्या सव्वादोन फुटांचा उपयोग नाही. काठावर आहे.

गोड्या पाण्यात, जलपर्णीने किंवा कमळाने झाकलेल्या तळ्यात मरळीमागे जाणार असाल तर तेही याच गटात धरा: सात ते साडेसात फूट. तिथली जागा अमेरिकेतल्या बासच्या तळ्यासारखीच असते. वर आभाळ, पाण्यावर गालिचा, आणि मासा पानांसकट उचलून वर काढायचा.

एकच रॉड परवडत असेल तर

जास्त वेळ कुठे घालवता ते प्रामाणिकपणे आठवा. महिन्यातून चार वेळा बांधावर आणि वर्षातून दोनदा मित्राच्या होडीत जात असाल तर सात फुटी घ्या आणि होडीत आडवं फेकायला शिका. बहुतेक वेळा होडीतच असाल तर साडेसहा. साडेसात फुटी मात्र पहिला रॉड म्हणून मी कोणालाही सुचवणार नाही.

लांबीइतकंच रॉडच्या ताकदीलाही महत्त्व आहे, पण ते निवडणं सोपं आहे. रॉडवर ‘मीडियम हेवी’ किंवा ‘हेवी’ लिहिलेलं बघा, आणि वाकताना फक्त वरचा भाग वाकून खालचा ताठ राहतो ना ते तपासा. दोरी 30 ते 50 पौंडांची ब्रेडेड, पुढे हात-दीड हात जाड नायलॉनचा लीडर, कारण विणलेली दोरी मुळांवर आणि कालवांच्या धारेवर लगेच तुटते.

दुकानात काय बघायचं

रॉडवर लिहिलेली लांबी बुडापासून टोकापर्यंतची असते. दोन सात फुटी रॉडांत एकाची मूठ लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकते. रील बसवतात तिथे रॉड धरा आणि मागची मूठ हाताच्या खालच्या बाजूला टेकवा. ती कोपराच्या दोन-तीन इंच पुढे गेली तर जड मासा कुशीला टेकवून ओढता येतो. त्याहून लांब असेल तर लाइफ जॅकेटमध्ये अडकते आणि मनगटाची फेक जमत नाही.

मग टोक जमिनीकडे करून रॉड असा हलवा, जणू पाण्यावरचं आमिष नाचवताय. टोक फरशीला लागत असेल तर तुमच्या उंचीला तो रॉड लांब आहे. दुकानात फरशी आहे, होडीत पाणी असेल, आणि होडीत तुम्ही बहुतेक बसूनच असता. उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तर ही चाचणी टाळू नका. दुकानदाराला घाई असली तरी तुम्ही करू नका.

घरी न्यायचं कसं तेही आताच बघा. सलग एका कांडाचा सात फुटी रॉड एसटीत आडवा मावत नाही आणि स्कूटरवर तर फांद्यांपेक्षा विजेच्या तारांची भीती जास्त. दोन कांडांचा रॉड घ्या. आजकालचे जोड चांगले असतात. फक्त गरवून आल्यावर जोड गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी सुकून कांडं एकमेकांत घट्ट बसतात.

मासा जवळ आल्यावर

लांब रॉड इथे पुन्हा परीक्षा घेतो. मासा होडीशी आला की रॉड उभा करून, टोक डोक्यामागे नेऊन त्याला उचलू पाहणं ही सगळ्यांची चूक. सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि रॉड तिथेच तुटतो. रॉडच्या लांबीएवढी दोरी बाहेर राहिली की रील फिरवणं थांबवा, रॉड आडवा ठेवून मासा बाजूने सरकवा, आणि दुसऱ्या हाताने जाळं त्याच्या डोक्याकडून घाला. एकट्याने होडीत असाल तर सहा फुटी रॉडने हे एका हाताला जमतं, साडेसात फुटीला जमत नाही. कल्ल्यांत बोट घालू नका, जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. खालचा जबडा अंगठ्याने पकडा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून तीन फुटांच्या पुढचा मासा बहुधा अंड्यांची मादीच. मी ती त्याच ओहोळाच्या तोंडाशी, शेपटीजवळ धरून, ती स्वतः जोर करेपर्यंत पाण्यात ठेवतो आणि मग हात सोडतो.