दक्षिणेतील शहरांत इन्युइट रुग्णांसोबत काम करताना

कॅनडाच्या दक्षिण भागातील ओटावा, मॉन्ट्रियल, विनिपेग किंवा एडमंटन येथील रुग्णालयांत आणि समाजसेवी संस्थांत रुजू होणाऱ्या मराठी परिचारिका, समाजसेवक आणि विद्यार्थी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. इन्युइट म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेकडील आर्क्टिक प्रदेशातले आदिवासी लोक. शाळेतल्या भूगोलाने आपल्याला त्यांच्याविषयी ‘एस्किमो’ आणि बर्फाचे घर एवढेच शिकवलेले असते. तो शब्द कॅनडात आता अवमानकारक मानला जातो, म्हणून त्याला पहिल्या दिवशीच सोडचिठ्ठी द्यावी.

कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७०,५०० इन्युइट नोंदले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ ३१ टक्के लोक त्यांच्या चार मूळ प्रदेशांबाहेर, म्हणजे बहुतांशी दक्षिणेकडील शहरांत राहत होते. शहरांतील जनगणनेच्या आकड्यांवर विसंबून कामाचे नियोजन मात्र करू नये. वारंवार घर बदलणारे, नातेवाइकांकडे तात्पुरते राहणारे आणि सरकारी कागदांविषयी साशंक असलेले लोक मोजणीतून निसटतात, आणि ओटावातील इन्युइट संस्थेच्या सहभागाने झालेल्या आरोग्य पाहणीत तेथील इन्युइटांची संख्या जनगणनेपेक्षा पुष्कळच मोठी असल्याचे दिसून आले.

समोरच्या व्यक्तीला आजाराविषयी विचारण्याआधी ती शहरात कशासाठी आली आहे हे समजून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावर ठरतात. काही जण केवळ उपचारांसाठी आलेले असतात. इन्युइटांच्या चार मूळ प्रदेशांपैकी एक असलेल्या नुनावुटमधील २५ वस्त्यांपैकी एकही रस्त्याने दक्षिणेशी जोडलेली नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार किंवा गुंतागुंतीची प्रसूती यांसाठी नुनावुटच्या बॅफिन बेटाकडचे रुग्ण विमानाने ओटावाला, तेथील किवालिक विभागातील विनिपेगला, त्याच्या पश्चिमेकडील यलोनाइफ किंवा एडमंटनला आणि नुनाविकचे, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातील, मॉन्ट्रियलला पाठवले जातात. त्यांच्या मुक्कामासाठी ओटावात लार्गा बॅफिन आणि मॉन्ट्रियलजवळ डोर्व्हाल येथे उलिविक ही निवासस्थाने आहेत. टाटा रुग्णालयात आलेल्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तशीच ही सोय म्हणता येईल. दुसरे लोक शिक्षण, नोकरी किंवा लग्नामुळे शहरात स्थायिक झालेले असतात, आणि त्यांना ‘परत कधी जाणार?’ असे विचारणे अपमानास्पद ठरते. तिसरा गट सर्वांत दुर्लक्षित आहे: उत्तरेतील घरांची टंचाई, दाटीवाटी किंवा घरातील हिंसा यांमुळे बाहेर पडलेले, किंवा उपचारांसाठी येऊन परतीचे विमान चुकलेले आणि मग निवाऱ्यांत किंवा रस्त्यावर अडकलेले लोक. मॉन्ट्रियलच्या कॅबोट चौकात दिसणारे काही इन्युइट या गटातले असतात. त्यांना नुसती व्यसनमुक्तीची चिठ्ठी देऊन पाठवणे म्हणजे काम टाळणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षयरोगाविषयी बोलताना विशेष सावधगिरी हवी. भारतात शिकलेल्या परिचारिकेला हा आजार चांगलाच परिचित असतो, पण इन्युइट कुटुंबांत त्याच्याशी एक वेगळी आठवण जोडलेली आहे. १९५० पासून १९६९ पर्यंत ‘सी. डी. हाऊ’ नावाचे सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकच्या वस्त्यांना भेट देत असे. जहाजावरच छातीचा एक्स-रे काढला जाई आणि क्षय आढळलेल्यांना तेथूनच हॅमिल्टनसारख्या दूरच्या शहरांतील आरोग्यधामांत नेले जाई. पुष्कळांना किनाऱ्यावर उतरून मुलाबाळांचा निरोप घेण्याचीही मुभा मिळाली नाही. १९५६ च्या सुमारास दर सात इन्युइटांमागे एक जण दक्षिणेतील आरोग्यधामात होता. जे तेथे मरण पावले, त्यांतील अनेकांच्या कबरी कोठे आहेत हे घरच्यांना कित्येक दशके कळले नाही. पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी ८ मार्च २०१९ रोजी इकालुइट येथे याबद्दल माफी मागितली. हा आजार अजूनही इतिहासजमा झालेला नाही: २०१० च्या दशकाच्या मध्यावर इन्युइट प्रदेशांतील क्षयाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी लोकांच्या सुमारे ३०० पट होते. म्हणून थुंकीची तपासणी किंवा विलगीकरण सुचवताना ते किती दिवसांचे, रुग्ण कोठे राहील, घरी फोन कधी करता येईल आणि सोबत कोण थांबू शकेल, हे सर्व आधी सांगावे. मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट महत्त्वाचे आहे. क्वेबेकच्या हवाई रुग्णवाहिकेतून नुनाविकची आजारी मुले २०१८ पर्यंत आईवडिलांविना आणली जात होती.

संभाषणात घाई करू नये. अनेक इन्युइट, विशेषतः वयस्कर माणसे, ‘हो’ म्हणण्यासाठी भुवया उंचावतात आणि ‘नाही’साठी नाक मुरडतात. संगणकाकडे पाहत प्रश्न विचारणाऱ्या परिचारिकेला हे उत्तर दिसतच नाही आणि मग नोंदीत ‘रुग्ण प्रतिसाद देत नाही’ असे लिहिले जाते. दुभाषा मागवताना रुग्ण कोणत्या भागातला आहे हे सांगावे, कारण बोलींत बराच फरक आहे. सोबत आलेल्या लहान मुलाकडून तर दुभाष्याचे काम कधीही करून घेऊ नये. ज्येष्ठांना क्रमांकाने हाक मारू नये. १९४० च्या दशकापासून सरकारने इन्युइटांना गळ्यात घालायच्या चकत्यांवर क्रमांक दिले होते आणि आडनावे नोंदवण्याची मोहीम १९७० च्या आसपासची आहे. त्यामुळे जुन्या नोंदींत एकाच व्यक्तीच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंगे सापडली तर तिला खोटे ठरवू नये.

आहाराविषयी सल्ला देताना छापील तक्ता पुढे करू नये. कॅरिबू (उत्तरेतील रानटी हरीण), सील आणि ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा यांतून लोह आणि प्रथिने मिळतात, शहरात मात्र तेच मिळणे अवघड असते आणि त्यांच्या जागी स्वस्त, गोड, पाकीटबंद पदार्थ येतात. रक्तक्षय किंवा मधुमेह असलेल्या रुग्णाला घरून पाठवलेले मांस मिळते का आणि ते ठेवायला शीतपेटी आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

कागदपत्रांत चूक झाली तर औषध अडते. मान्यताप्राप्त इन्युइटांना संघराज्य सरकारच्या योजनेतून औषधे, दंतोपचार, चष्मा आणि वैद्यकीय प्रवास यांचा खर्च मिळू शकतो आणि तो शहरात राहूनही लागू असतो. नुनाविक आणि नुनात्सियावुट (लॅब्राडोरमधील इन्युइट प्रदेश) यांची व्यवस्था मात्र निराळी आहे. रुग्णाकडे जुन्या प्रदेशाचे आरोग्यपत्र (सरकारी आरोग्यविम्याचे कार्ड) असेल, तर नवीन प्रांताचे पत्र मिळेपर्यंत बिल कोण भरणार हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे. ओटावात १९८७ पासून कार्यरत असलेली टुंगासुविंगात इन्युइट ही संस्था घर, रोजगार आणि समुपदेशनात मदत करते, तर आकाउसिविक हे इन्युइट कुटुंबांसाठीचे वैद्यकीय केंद्र आहे. आपल्या सोयीच्या संस्थेत पाठवण्याआधी रुग्णाला कोठे जायचे आहे ते विचारावे. बालकल्याण खात्याचे नाव काढताच मुले काढून नेली जाण्याच्या भीतीने संवाद तुटू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

रुग्णाला घरी सोडताना उत्तरेतील वस्तीचा विचार करूनच कागद तयार करावेत. तेथे बहुधा परिचारिका चालवत असलेले छोटे केंद्र असते आणि डॉक्टर अधूनमधून येतात. म्हणून लिहून दिलेले औषध त्या केंद्रात मिळते का, हे फोन करून विचारावे, हिमवादळामुळे विमान रखडले तरी पुरेल इतका औषधांचा साठा सोबत द्यावा, अहवाल रुग्णाच्या हातीही द्यावा आणि केंद्रालाही परस्पर पाठवावा. पुढील तपासणीची तारीख देताना ती दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून होऊ शकते का हे तज्ज्ञ डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे, कारण पाच मिनिटांच्या तपासणीसाठीही रुग्णाला पुन्हा विमानप्रवास करून कित्येक दिवस घरापासून दूर राहावे लागते.